उष्ण हवामानातील अल्प किमतीच्या लॅपटॉपची खेळक्षमता

अल्प किमतीच्या लॅपटॉपची खेळक्षमता म्हणजे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या किंवा अगदी साधे कार्ड असलेल्या लॅपटॉपवर संगणकीय खेळ किती वेगाने व किती स्थिरपणे चालतात, याचे मान होय. ही क्षमता यंत्राच्या अंतर्गत घटकांवर अवलंबून असते. त्याचबरोबर ते यंत्र ज्या खोलीत वापरले जाते, त्या खोलीच्या तापमानावरही अवलंबून असते. वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांत उन्हाळ्याचे कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. त्यामुळे हिवाळ्यात सुरळीत चालणारा खेळ एप्रिल-मे महिन्यांत अडखळू लागतो आणि यंत्र बिघडले, असा समज होतो. बहुतेक वेळा तो बिघाड नसून यंत्राने स्वतःच्या बचावासाठी केलेली गतिकपात असते.

पार्श्वभूमी

महाविद्यालयीन शिक्षण, स्पर्धा परीक्षा व ऑनलाइन अर्ज यांसाठी घरात एक लॅपटॉप असणे आता सर्वसाधारण झाले आहे. अभ्यास आणि मनोरंजन या दोन्ही गरजा बहुधा त्या एकाच यंत्रावर भागविल्या जातात. अशा लॅपटॉपमध्ये सामान्यतः १५ वॅट विजेच्या मर्यादेत काम करणारा प्रोसेसर, ८ जीबी मेमरी आणि प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेला ग्राफिक्स विभाग असतो. दस्तऐवज, व्हिडिओ व आंतरजाल यांसाठी हा साठा पुरेसा असतो. खेळ मात्र प्रोसेसर, ग्राफिक्स विभाग व मेमरी या तिघांनाही दीर्घकाळ एकाच वेळी राबवितो. त्यामुळे यंत्राच्या मर्यादा प्रथम खेळातच उघड होतात.

खेळ मंद चालू लागला की नवे यंत्र घेण्याचा विचार घरात सुरू होतो. तथापि मंदगतीचे नेमके कारण शोधल्यास अनेकदा काहीही खर्च न करता, किंवा केवळ साफसफाई वा मेमरीची एक पट्टी एवढ्या खर्चात, प्रश्न सुटतो.

मोजमाप

पडद्यावर एका सेकंदात किती चित्रचौकटी उमटतात, या संख्येला खेळाडू 'एफपीएस' म्हणतात. सेकंदाला ६० चौकटी उमटविण्यासाठी प्रत्येक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. ३० चौकटींसाठी हा अवधी ३३.३ मिलिसेकंद असतो. सरासरी संख्येइतकेच महत्त्व चौकटींमधील अंतराच्या समानतेला असते. सरासरी ५० असूनही मधूनच एखादी चौकट १०० मिलिसेकंद रेंगाळली, तर खेळ अडखळल्यासारखा भासतो. उलट सलग ४० चौकटींचा खेळ डोळ्यांना अधिक सुसह्य वाटतो.

कोणताही बदल करण्यापूर्वी मोजमाप करणे आवश्यक असते. विंडोज प्रणालीतील टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा प्रत्यक्ष वेग व मेमरीचा वापर दिसतो. प्रोसेसरचे तापमान पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखी मोफत आज्ञावली वापरतात. एकच खेळ, एकाच प्रसंगात, अर्धा तास चालवून पहिल्या व शेवटच्या पाच मिनिटांची तुलना केल्यास पुढील निष्कर्ष काढता येतात :

- आरंभी वेग चांगला, नंतर घसरण आणि तापमान ९५ ते १०० अंशांच्या जवळ : कारण उष्णता.
- तापमान कमी, परंतु आरंभापासूनच वेग कमी : कारण बहुधा ग्राफिक्स विभागाची किंवा मेमरीची मर्यादा.
- वेग एरवी ठीक, मधूनच मोठे झटके आणि मेमरी जवळजवळ पूर्ण भरलेली : कारण अपुरी मेमरी किंवा मंद साठवण.
- चित्र सुरळीत, परंतु इतर खेळाडू जागच्या जागी उड्या मारताना दिसतात : कारण आंतरजाल जोडणी.

मंदगतीची कारणे

सामायिक मेमरी : स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाला स्वतःची जलद मेमरी असते. अंतर्भूत ग्राफिक्स विभागाला मात्र संगणकाची मुख्य मेमरीच प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावी लागते. डीडीआर४-३२०० प्रकारच्या मेमरीची एकच पट्टी असल्यास माहितीच्या वहनाची सैद्धांतिक कमाल मर्यादा सेकंदाला २५.६ जीबी असते. दोन पट्ट्या दोन स्वतंत्र मार्गांवर बसविल्यास ती ५१.२ जीबी होते. दुसऱ्या पट्टीमुळे केवळ जागा वाढत नाही, तर रस्ता दुपदरी होतो. इंटेलच्या आयरिस एक्सई या अंतर्भूत ग्राफिक्सच्या बाबतीत हा फरक नावातही उतरतो : मेमरी एकाच मार्गावर असल्यास तेच ग्राफिक्स यंत्रावर केवळ 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणून दाखविले जाते.

सामायिक वीजमर्यादा : १५ वॅटची मर्यादा प्रोसेसरचे गणन-विभाग व ग्राफिक्स विभाग या दोघांत मिळून असते. गणन-विभागाने 'टर्बो' वेग गाठण्यासाठी अधिक वीज घेतली, तर ग्राफिक्सच्या वाट्याला कमी वीज उरते. खेळात अनेकदा ग्राफिक्स विभागच मागे पडत असतो. त्यामुळे गणन-विभागाचा अतिरिक्त वेग उपयोगी न पडता केवळ उष्णता वाढवितो. प्रोसेसरचा वीजवापर वारंवारतेच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उच्च वेगासाठी दाबही वाढवावा लागत असल्याने शेवटचा थोडासा वेग सर्वांत महाग पडतो.

उष्णताजन्य गतिकपात : प्रोसेसरला तापमानाची एक कमाल मर्यादा घालून दिलेली असते. ती सामान्यतः ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. ही मर्यादा जवळ येताच प्रोसेसर आपला वेग व वीजवापर आपोआप कमी करतो. या प्रक्रियेला 'थर्मल थ्रॉटलिंग' असे म्हणतात.

उष्णतेचे गणित

लॅपटॉपचा पंखा हवा थंड करीत नाही. तो केवळ खोलीतील हवा धातूच्या पातळ पत्र्यांमधून ढकलून उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा किती अंशांनी अधिक तापेल, हे वीजवापर व शीतनाची स्थिती यांवरून ठरते. खोली जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरही अधिक तापतो.

समजा, एका स्वच्छ लॅपटॉपमध्ये प्रत्येक वॅटमागे प्रोसेसरचे तापमान खोलीपेक्षा ४ अंशांनी वाढते आणि त्याची मर्यादा १०० अंश आहे. खोली २० अंशांवर असताना ८० अंशांची मोकळीक मिळते, म्हणजे हे यंत्र २० वॅट उष्णता बाहेर टाकू शकते. खोली ४४ अंशांवर गेल्यास मोकळीक ५६ अंश उरते आणि यंत्र केवळ १४ वॅट पेलू शकते. म्हणजे १५ वॅटच्या प्रोसेसरला किंचितच आखडते घ्यावे लागते.

आता याच यंत्रात धूळ साचून प्रत्येक वॅटमागे ५ अंशांची वाढ होऊ लागली, असे मानले तर २० अंशांच्या खोलीत यंत्र १६ वॅट पेलते, म्हणजे १५ वॅटच्या प्रोसेसरला काहीच अडचण येत नाही. ४४ अंशांच्या खोलीत मात्र ते ११.२ वॅटवर येते आणि जवळजवळ एक चतुर्थांश वीज कमी पडते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल असून प्रत्येक यंत्रात वेगळे असतात. परंतु त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते : धुळीचा दोष हिवाळ्यात दडून राहतो आणि उन्हाळ्यात एकाएकी प्रकट होतो. 'कालपर्यंत चांगला चालत होता' या तक्रारीचे मूळ येथे असते.

वऱ्हाडातील परिस्थिती

तापमान : मे २०२०च्या उष्णतेच्या लाटेत अकोल्याचे कमाल तापमान ४७ अंशांच्या पुढे गेले होते. बहुतेक लॅपटॉपांच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी सुमारे ३५ अंशांपर्यंतचे परिसर-तापमान सांगितलेले असते. शीतनाची सोय नसलेली खोली मे महिन्यात ही मर्यादा सहज ओलांडते. स्लॅबखालची वरच्या मजल्यावरील खोली किंवा टिनाचे छत असलेली खोली दिवसभर उष्णता साठविते. स्लॅबची खोली तर रात्री उशिरापर्यंत तापलेलीच राहते. चोवीस तासांतील सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या सुमाराची असते. त्यामुळे तळमजल्यावर, पहाटे वापरलेले तेच यंत्र दुपारपेक्षा चांगले चालते. अमरावती जिल्ह्यातीलच चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तेथे तोच लॅपटॉप काहीही बदल न करता अधिक स्थिर वेग देऊ शकतो, कारण खोलीची हवाच काही अंशांनी थंड असते.

धूळ व कापूस : वऱ्हाड हा काळ्या मातीचा व कापसाचा प्रदेश आहे. उन्हाळ्यात वाळलेल्या काळ्या मातीची बारीक धूळ घरात शिरते. कापूस साठविलेल्या घरांत व जिनिंग-प्रेसिंगच्या परिसरात हवेत रुईचे तंतूही असतात. धूळ एकटी असते तेव्हा तिचा काही भाग हवेबरोबर निघून जातो. तंतू मात्र पत्र्यांच्या फटींत अडकतात आणि त्यांवर धूळ बसून नमद्यासारखा थर तयार होतो. हा थर पंखा व पत्रे यांच्या मधोमध असल्याने बाहेरून सहसा दिसत नाही.

कूलर : वऱ्हाडातील उन्हाळा कोरडा असल्याने पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कूलर तेथे परिणामकारक ठरतो आणि बाहेरच्या तुलनेत हवा दहा अंशांहून अधिक थंड करू शकतो. वरील उदाहरणातील स्वच्छ यंत्र ३२ अंशांच्या खोलीत १७ वॅट पेलते, म्हणजे त्याची गतिकपात पूर्णपणे थांबते. मात्र कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवणे धोक्याचे असते, कारण झोतासोबत पाण्याचे सूक्ष्म थेंब येतात. यंत्र झोताच्या बाजूला ठेवून खोलीची समोरची खिडकी उघडी ठेवणे योग्य. पावसाळ्यात हवा दमट असल्याने कूलरचा हा लाभ फारसा मिळत नाही.

वीज : वीजपुरवठा खंडित झाल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, परंतु बॅटरीवर असताना बहुतेक यंत्रे वेग मुद्दाम मर्यादित ठेवतात. मूळ अडॅप्टर बिघडल्यावर कमी वॅटचा पर्यायी अडॅप्टर घेतला, तरीही अनेक यंत्रे वेग घटवितात. त्यामुळे अडॅप्टरवर छापलेला वॅटचा आकडा मूळ अडॅप्टरशी ताडून पाहणे आवश्यक असते.

उपाय

उपाय खर्चाच्या चढत्या क्रमाने करणे हितावह असते. एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजमाप घेतल्यास कोणता बदल उपयोगी पडला, हे निश्चितपणे कळते.

विनाखर्च उपाय

१. बैठक : गादी, उशी किंवा मांडी यांवर ठेवल्यास लॅपटॉपच्या तळाची हवेची झरोके झाकली जातात. टणक व सपाट पृष्ठभागावर, मागील बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवल्यास हवा मोकळेपणाने आत येते. त्यासाठी विकतच्या स्टँडचीच गरज असते असे नाही. झरोके मोकळी ठेवून मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली लाकडी ठोकळे ठेवले तरी काम भागते.

२. चौकटींची मर्यादा : खेळाच्या सेटिंगमध्ये चौकटींची कमाल संख्या ३० किंवा ४० अशी बांधून देता येते. यंत्राला अनावश्यक चौकटी काढाव्या न लागल्याने उष्णता घटते आणि शेवटपर्यंत सारखा वेग राहतो. उष्ण हवामानात हा सर्वांत प्रभावी विनाखर्च उपाय मानता येतो.

३. रिझोल्यूशन : १९२०×१०८० या मापाच्या चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात, तर १२८०×७२० मध्ये ९,२१,६००. म्हणजे ग्राफिक्स विभागाचे बिंदूंचे काम सव्वादोन पटींनी कमी होते. चित्राची सुस्पष्टता राखण्यासाठी एएमडीने जून २०२१ मध्ये आणलेले एफएसआर हे तंत्र अनेक खेळांत उपलब्ध आहे. ते लहान चित्र तयार करून नंतर मोठे करते आणि अन्य कंपन्यांच्या ग्राफिक्सवरही चालते. एनव्हिडियाचे डीएलएसएस मात्र त्या कंपनीच्या आरटीएक्स कार्डांनाच लागते.

४. दृश्य सेटिंग : सावल्या, प्रतिबिंबे व धुक्याचे परिणाम कमी केल्यास वेग लक्षणीय वाढतो. पृष्ठपोत, म्हणजे टेक्श्चर, मुख्यतः मेमरी व्यापतात. मेमरी पुरेशी असल्यास ते मध्यम ठेवण्यास हरकत नसते.

५. टर्बो वेग थांबविणे : विंडोजच्या वीजयोजनेत प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के केल्यास सामान्यतः टर्बो वेग बंद होतो. त्यामुळे उष्णता घटते व वाचलेली वीज ग्राफिक्सला मिळते. जे खेळ प्रामुख्याने प्रोसेसरवर विसंबून असतात, त्यांत मात्र वेग कमी होऊ शकतो. म्हणून मोजमाप करूनच हा बदल कायम करावा. काही यंत्रांत ही निवड दिसत नाही.

६. पार्श्वभूमीतील कामे : ब्राउझरची उघडी पाने व आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावल्या बंद केल्यास मेमरी मोकळी होते. ८ जीबीच्या यंत्रात, जिथे काही मेमरी ग्राफिक्सलाही द्यावी लागते, तिथे हा फरक जाणवतो.

अल्प खर्चाचे उपाय

१. साफसफाई : वर्षातून एकदा, शक्यतो मार्च महिन्यात, पंखा व पत्रे साफ करून घेणे वऱ्हाडात विशेष उपयोगी ठरते. साफ करताना यंत्र बंद व अडॅप्टर काढलेला असावा. शक्य असल्यास बॅटरीची जोडणीही सोडवावी. हवेच्या झोताने पंखा वेगाने फिरू नये म्हणून त्याची पाती हलक्या हाताने धरून ठेवतात. यंत्र हमीकालात असल्यास उघडण्यापूर्वी हमीच्या अटी वाचणे आवश्यक असते.

२. उष्णतावाहक लेप : प्रोसेसर व शीतक यांच्यामधील लेप काही वर्षांनी सुकतो. साफसफाईच्या वेळीच तो बदलून घेतल्यास प्रत्येक वॅटमागील तापवाढ कमी होते.

३. मेमरीची दुसरी पट्टी : मोकळी खाच असल्यास त्याच प्रकारची व त्याच वेगाची दुसरी पट्टी बसविणे हा अंतर्भूत ग्राफिक्ससाठी सर्वांत लाभदायक खर्च होय. अनेक स्वस्त व सडपातळ लॅपटॉपांत मेमरी मुख्य फलकावर डाख देऊन कायमची बसविलेली असते. तेथे हा मार्ग बंद असतो. म्हणून खरेदीपूर्वीच त्याची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते.

४. एसएसडी : जुन्या यंत्रातील फिरत्या चकतीच्या जागी एसएसडी बसविल्यास खेळ लवकर उघडतो व मधले झटके कमी होतात. सरासरी चौकटींची संख्या मात्र त्याने सहसा वाढत नाही. हा खर्च अभ्यासाच्या कामातही रोज उपयोगी पडतो.

खेळाची निवड

मर्यादित विजेवर चांगला खेळ चालू शकतो, याचे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' हा खेळ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तो अनरिअल इंजिन ४ वापरून तयार केला. ऑगस्ट २०२० मध्ये तो प्रथम निंटेंडो स्विच या हातात धरून खेळण्याच्या छोट्या यंत्रावर आला आणि त्याच वर्षी संगणकावरही उपलब्ध झाला. स्विचचा स्वतःचा पडदा १२८०×७२० बिंदूंचाच आहे. दृश्यसमृद्ध खेळही यंत्राच्या मर्यादा ओळखून जुळविता येतो, हे त्यावरून दिसते. लॅपटॉपवर खेळाडूला हीच जुळवणी सेटिंगद्वारे स्वतः करावी लागते.

ऑनलाइन खेळ व विलंब

व्हॅलोरंट व काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या ऑनलाइन खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत. अकोला मुंबईपासून रेल्वेमार्गाने सुमारे ६०० किलोमीटरवर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तेवढ्या अंतराच्या जाण्यायेण्याला सुमारे सहा मिलिसेकंदच लागतात. प्रत्यक्षातील विलंब यापेक्षा बराच अधिक असल्यास तो अंतरामुळे नसून मधले टप्पे, मोबाइल जोडणी किंवा घरातील वाय-फाय यांमुळे असतो. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत केबल लावल्यास विलंबातील चढउतार कमी होतात. लॅपटॉपची मेमरी वाढवून मात्र हा विलंब घटत नाही.

गैरसमज

- 'गेम बूस्टर' किंवा 'रॅम क्लीनर' नावाच्या आज्ञावल्या वेग दुप्पट करतात, हा दावा निराधार असतो. त्या बहुधा पार्श्वभूमीतील कामे बंद करतात, जे वापरकर्ता स्वतःही करू शकतो.
- यंत्राखाली बर्फ किंवा ओले कापड ठेवल्यास आत दव साचून फलक निकामी होऊ शकतो.
- फुकट मिळणाऱ्या चोरट्या प्रतींमधून घातक आज्ञावल्या येण्याची शक्यता मोठी असते. काही घातक आज्ञावल्या प्रोसेसरचा गुपचूप वापर करून यंत्र आणखी तापवितात.
- वेगासाठी विषाणूरोधक व सुरक्षा-सुविधा बंद करणे योग्य नाही. त्याच यंत्रावर परीक्षेचे अर्ज व बँकेचे व्यवहार होत असतात.

सुरक्षितता

सततच्या उष्णतेने लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य घटते. पूर्ण चार्ज अवस्थेत तापत राहणे तिला विशेष अपायकारक असते. म्हणून ज्या लॅपटॉपांत चार्ज ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय आहे, तेथे उन्हाळ्यात ती वापरतात. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटणे, झाकण नीट न बसणे किंवा तळ फुगणे ही बॅटरी फुगल्याची लक्षणे होत. अशा वेळी यंत्र वापरणे व चार्ज करणे तत्काळ थांबवून बॅटरी तज्ज्ञाकडून बदलून घ्यावी. ती दाबू किंवा टोचू नये. उन्हात उभ्या असलेल्या वाहनात लॅपटॉप ठेवणेही टाळावे.

मर्यादा

वरील उपायांनी यंत्र मूळ क्षमतेपर्यंत पोहोचते. त्यापलीकडे जात नाही. सर्वसाधारण लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स विभाग बदलता येत नाही. खेळाची किमान आवश्यकताच स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची असेल, तर साफसफाई वा सेटिंग यांनी तो समाधानकारक चालत नाही. हे दोन प्रकार वेगळे ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे ऋतू होय. जो खेळ जानेवारीत चालत होता आणि मे महिन्यात चालत नाही, त्यासाठी यंत्र थंड व स्वच्छ ठेवणे पुरेसे असते. जो खेळ जानेवारीतही चालत नव्हता, त्यासाठी वेगळा खेळ किंवा वेगळे यंत्र हाच मार्ग उरतो.

हे सुद्धा पहा

- संगणक
- ग्राफिक्स प्रोसेसिंग युनिट
- लिथियम-आयन बॅटरी
- बाष्पीभवन
- वऱ्हाड
- चिखलदरा